बदली खासदार सोलांजबाई

सोलांज पेरिशू या बाईंचं नाव आमच्या मतदारसंघात पाच वेळा छापून आलं, आणि पाचही वेळा ते वाचायला लोकांना चष्मा शोधावा लागला. यात छापखान्याची चूक नव्हती. मतपत्रिकेवर खासदारकीच्या उमेदवाराचं नाव मोठ्या अक्षरात आणि त्याखाली बदली उमेदवाराचं नाव लहान अक्षरात असावं, असा आमच्याकडे फ्रान्समध्ये कायदाच आहे. वर ह्युबेर मोंतान्याक दुकानाच्या पाटीसारखे ठसठशीत, आणि खाली सोलांजबाई.

बदली उमेदवाराचं काम सोपं. खासदार मेला किंवा मंत्री झाला, तर त्याच्या खुर्चीत जाऊन बसायचं. तोवर वाट बघायची. मोंतान्याकसाहेबांनी बावीस वर्षांत या दोन्हीतलं काहीच केलं नाही.

सोलांजबाईंचं ला फाज गावात, चर्चसमोर, केस कापायचं दुकान. साहेब पहिल्यांदा तिथे आले तेव्हा बाई चौतीस वर्षांच्या होत्या. पॅरिसमध्ये नुकताच कायदा झाला होता की प्रत्येक पक्षानं निम्म्या बायका उभ्या करायच्या, नाहीतर दंड. साहेबांच्या उजव्या पक्षानं बायकांचा आदर असा केला की दंड भरला, पुरुष उभे केले, आणि खालच्या लहान अक्षरात सगळीकडे बायका घातल्या.

“सोलांजबाई,” साहेब म्हणाले, “या डोंगरातली निम्मी डोकी तुमच्या हाताखालून जातात.”

“जातात साहेब. पण आत काय असतं ते मला दिसत नाही.”

“ते माझ्यावर सोडा. मला फक्त एक सही हवी आहे.”

बाईंनी हात पुसले आणि सही केली. खुर्चीत एका बाईच्या केसांना रंग लावलेला होता, त्यामुळे जास्त विचार करायला वेळ नव्हता. साहेब जाताना दारातून म्हणाले, “आपल्याला कुटुंब, कष्ट आणि गाव यासाठी लढायचंय!” आणि पॅरिसला निघून गेले. तिथे ते आठवड्यातले चार दिवस एकटे राहत. उरलेल्या तीन दिवसांत कुटुंब, कष्ट आणि गाव या तिघांना मिळून जेवढा वेळ मिळायचा तेवढा मिळायचा.

मोंतान्याकसाहेबांची कारकीर्द सांगायला फार वेळ लागत नाही. त्यांच्या पक्षानं चार वेळा नाव बदललं, दर वेळी नवा रंग, नवं झाड नाहीतर नवा बाण. साहेबांनी फक्त पोस्टरवरची पट्टी बदलली, फोटो तोच ठेवला. बावीस वर्षांत त्यांनी सभागृहात सात प्रश्न विचारले. त्यातले चार रानडुकरांच्या शिकारीच्या तारखांबद्दल होते. एका कायद्यात त्यांनी दुरुस्ती सुचवली, ती चेस्टनटच्या मुरंब्याच्या बरणीवरच्या चिठ्ठीबद्दल होती, आणि तीही नामंजूर झाली. पण तिचा उल्लेख त्यानंतरच्या चारही निवडणुकांच्या पत्रकात होता, आणि दर पत्रकात त्या दुरुस्तीनं देशाची संस्कृती थोडी थोडी जास्त वाचत गेली. पूल बांधला की ते फीत कापत. पूल पडला तर तो डाव्यांच्या काळात बांधलेला असे. शनिवारी बाजारात ते प्रत्येकाचा हात हातात घेत आणि विचारत, “आई कशी आहे?” ज्यांच्या आईला जाऊन दहा वर्षं झाली होती तीही माणसं म्हणत, “बरी आहे साहेब.” उगाच कशाला वाद.

आणि लोक दर खेपेला त्यांनाच निवडून देत. का? आमच्याकडे खासदार आणि चर्चचा पाद्री बदलायचा असेल तर त्यानं आधी काहीतरी भयंकर करावं लागतं, आणि साहेब कधी काहीच करत नसत.

त्यांची खरी खासदारकी चालवली ती सोलांजबाईंनी. साहेब पॅरिसमध्ये असताना मतदारसंघात कोणी गेलं, की बाई काळा कोट घालून मयताला हजर. सोबत पुष्पचक्र, त्यावर रुंद फीत आणि फितीवर साहेबांचं नाव. बाई विधवेचा हात धरून म्हणत, “साहेबांना फार यायचं होतं हो, पण महत्त्वाचं काम निघालं.” एकदा एका शेतकऱ्याची बायको रडता रडता थांबली आणि म्हणाली, “महत्त्वाचं काम आमच्या ह्यांनाही होतं, बाई. गवत कापायचं राहिलंय.” बाईंना तिथल्या तिथे जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. पण पुढच्या मयतालाही त्या गेल्याच.

शाळेचं स्नेहसंमेलन, अग्निशमन दलाचं जेवण, मधमाश्यावाल्यांची सभा, सगळीकडे बाई. प्रत्येक ठिकाणी जेन्शन या डोंगरी रोपाच्या मुळांची ती पिवळी कडू दारू घोटभर घ्यावीच लागे. नाही म्हटलं तर मतं जातात. बावीस वर्षांत बाईंनी साहेबांसाठी जेवढी कडू दारू प्यायली तेवढी दुसऱ्या कोणाला प्यावी लागली असती तर त्यानं पक्ष तरी बदलला असता नाहीतर धर्म तरी.

शुक्रवारी लोक गाऱ्हाणी घेऊन यायचे ते दुकानातच. साहेबांचं कार्यालय खाली वाल्कोंब शहरात होतं आणि बहुतेक बंद असे. हळूहळू बाईंना कळू लागलं की डोक्यांच्या आत काय असतं. सगळ्यात जास्त एकच गोष्ट असे: डॉक्टर. ला फाजचे म्हातारे डॉक्टर निवृत्त झाल्याला सहा वर्षं झाली होती आणि नवीन कोणी वर यायला तयार नव्हतं. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या लेओंतीनआजी केस बसवून घ्यायला येत आणि ड्रायरखाली बसल्या की मोजा खाली सरकवत.

“सोलांज, बघ गं जरा. हा पाय कालच्यापेक्षा सुजलाय का?”

“आजी, मी केस कापते.”

“ठाऊक आहे. पण तू निदान इथे आहेस.”

हे वाक्य बाईंच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून त्यांना ती खुर्ची मनापासून हवीशी वाटायला लागली. मान नको, गाडी नको. मंगळवारी सभागृहात प्रश्न विचारायला प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात, टीव्हीवर सगळा देश बघतो. बाईंना ती दोन मिनिटं हवी होती. त्यांनी प्रश्न लिहून काढला आणि केसांच्या रंगाची वेळ मोजायला ठेवलेलं घड्याळ लावून आरशासमोर म्हणून पाहिला. पहिल्यांदा चार मिनिटं लागली. सरकारबद्दलची विशेषणं काढून टाकल्यावर बरोबर दोन झाली.

पण ती मिळायची कशी? साहेबांची तब्येत धडधाकट होती. त्यांनी मरावं असं बाईंच्या मनात कधी आलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. एकदा साहेब जिन्यावरून घसरल्याची बातमी आली तेव्हा बाईंच्या छातीत धस्स झालं, आणि ते धस्स दुःखाचं नव्हतं हे लक्षात येऊन त्या रविवारी चर्चमध्ये एक मेणबत्ती जास्त लावून आल्या.

आणि मग एका सप्टेंबरात दैव उघडलं. पॅरिसमध्ये एक सरकार पडलं, दुसरं बनेना, ज्यांना विचारलं ते सगळे नाही म्हणाले, आणि यादी खाली खाली सरकत मोंतान्याकसाहेबांपर्यंत आली. साहेब राज्यमंत्री झाले. खातं होतं ‘पर्वतीय जीवन, हस्तकला आणि शांतता’. त्यातली शांतता नेमकी कशाची, हे साहेबांनाही ठाऊक नव्हतं.

गावात एकच कल्ला झाला. नगरपालिकेचा कारकून फिर्मँ, बाईंचा शाळेपासूनचा मित्र, कायद्याचं पुस्तक काखेत मारूनच दुकानात आला.

“पेढे काढ गं खासदारीणबाई!” असं आमच्याकडे म्हणत नाहीत, पण फिर्मँच्या चेहऱ्यावर तेच होतं. तोंडानं तो म्हणाला, “बाटली उघड. पण घोट घोट घे. अजून महिना आहे.”

“कसला महिना?”

“मंत्री झाला म्हणून खासदाराची खुर्ची लगेच सुटत नाही. तीस दिवस थांबायचं. तेवढ्यात सरकार पडलं, तर तो परत आपल्या जागी.”

“तीस दिवसांत सरकार पडतं का कधी?”

फिर्मँनं ग्लास पुढे केला.

ते तीस दिवस बाईंच्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस. वाल्कोंबला जाऊन त्यांनी गडद निळा कोट आणि स्कर्ट घेतला. दुकान सांभाळायला भाचीला बोलावलं. बायका केस कापता कापता हळूच विचारू लागल्या, “आता तुम्ही पॅरिसला गेल्यावर आमच्याशी बोलाल ना?” कसायानं चांगल्यातला तुकडा द्यायला सुरुवात केली. पाद्रीबाबांनी छपराची गळती दाखवली. फिर्मँ रोज दारावरून जाताना बोटांनी आकडा दाखवायचा.

साहेब फोनवर खुशीत असत. “काळजी नको, सोलांजबाई! हे सरकार भक्कम आहे. मी आजच ऑफिसचा गालिचा बदलायला सांगितला.”

मंत्री म्हणून त्यांनी केलेलं सगळ्यात मोठं काम तेच. गालिचा यायला सहा आठवडे लागणार होते.

सत्ताविसाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, सरकार पडलं. कारणही धड नव्हतं. साहेबांच्याच बाजूचे दोन गट कोणत्या खुर्चीवर कोण यावरून भांडले आणि एकानं उठून विरोधात मत दिलं. बाई लेओंतीनआजींच्या केसांना पिना लावत होत्या. बातमी ऐकली आणि त्यांनी उरलेल्या पिना एकेक करून लावल्या, सगळ्या, जागच्या जागी.

“तीनच दिवस गं,” आजी म्हणाल्या.

“मान हलवू नका, आजी.”

हातातोंडाशी आलेला घास गेला की माणूस रडतो नाहीतर शिव्या देतो. बाईंनी संध्याकाळी दोन्ही केलं, आधी शिव्या.

शनिवारी मोंतान्याकसाहेब केस कापायला आले. दर पंधरा दिवसांनी ते येतच. खुर्चीत बसले, मान मागे टाकली आणि सुरू झाले. त्यांच्यावर कसा अन्याय झाला, गालिचा कसा वाया गेला, ड्रायव्हरनं निरोप घेताना साधी टोपीसुद्धा कशी काढली नाही. बाई कात्री चालवत होत्या. मध्ये एकदा कात्री कानाजवळ जरा जास्त वेळ थांबली, एवढंच.

“मला वाईट वाटतं साहेब,” बाई शेवटी म्हणाल्या. “मलाही जरा...”

“तुम्हाला काय झालं?” साहेबांना खरोखरच आश्चर्य वाटलं. “तुमचं दुकान आहेच की!”

बाईंनी त्यांच्या मानेवरचे केस झटकले. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. “हा प्रश्न तेवढा विचाराल का सभागृहात? डॉक्टरबद्दल आहे. बरोबर दोन मिनिटांचा आहे, मी मोजलाय.”

“अहो, का नाही? हे तर माझं कर्तव्य!” साहेबांनी कागद कोटाच्या आतल्या खिशात, हृदयाशी ठेवला.

नवं सरकार आल्यावर पहिल्याच मंगळवारी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. फिर्मँनं नगरपालिका अर्धा तास आधी बंद केली होती. टीव्हीवर साहेब उठले. खिशात हात घातला. साहेबांनी चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, आणि अल्पकाळ मंत्री राहिलेल्या माणसाला सरकारी गाडी किती दिवस वापरता यावी, यावर दोन मिनिटं बोलले. शेवटी रानडुकरांचाही उल्लेख केला.

दुकानात लेओंतीनआजींनी मोजा वर ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई नगरपालिकेत जाऊन फिर्मँच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

“फिर्मँ, मला त्यांच्याविरुद्ध उभं राहता येतं का?”

“बस आधी. पाणी पी.”

“येतं का?”

फिर्मँनं पुस्तक उघडलं, बोट फिरवलं, परत फिरवलं, आणि मग तो हसायला लागला. “सोलांज, मंत्र्याच्या जागी ज्यानं खासदारकी केली त्याला पुढच्या निवडणुकीत त्या मंत्र्याविरुद्ध उभं राहता येत नाही. कायदा तसा आहे, बदली उमेदवारांनी डोकं वर काढू नये म्हणून. एक दिवस जरी बसली असतीस ना, तरी हात बांधले गेले असते.”

“मी बसलेच नाही.”

“तेच म्हणतोय मी.”

बाईंनी ही गोष्ट पोटात ठेवली. केस कापणाऱ्या बाईला ते जमतं. नाहीतर आमच्या गावात एकही लग्न टिकलं नसतं.

मे महिन्यात वाल्कोंबला वासरांची जत्रा भरते. निवडणूक जूनमध्ये होती आणि नाव भरायला आठवडा होता. जत्रेच्या जेवणाला खेळाच्या सभागृहात चारशे माणसं, समोर वासराच्या मुंडीचं वाफाळतं ताट, बाजूला आंबट रस्सा. मुख्य टेबलावर मधोमध मोंतान्याकसाहेब, उजवीकडे त्यांच्या पत्नी मादाम बेराँजेर, डावीकडे सोलांजबाई. मादाम मोत्यांची माळ घालून दर जत्रेत अशाच बसत, सरळ पाठीनं, आणि साहेबांचं भाषण सुरू झालं की नजर ताटात. त्यांचा आवाज कसा आहे हे सभागृहातल्या फार थोड्या माणसांना माहीत होतं.

साहेब उठले. कुटुंब, कष्ट, गाव झालं. मुरंबा झाला. सत्तावीस दिवस त्यांनी देशाचा भार कसा वाहिला ते झालं. “आणि मित्रहो,” ते म्हणाले, “तुमच्या आग्रहाला मान देऊन मी सहाव्यांदा उभा राहतोय! नेहमीप्रमाणे माझ्या बाजूला आपल्या लाडक्या, विश्वासू सोलांजबाई!”

टाळ्या झाल्या. बाई उठल्या. बदली उमेदवारानं अशा वेळी उठून हात हलवायचा आणि बसायचं. बाई बसल्या नाहीत. त्यांनी साहेबांच्या हातातून माईक काढून घेतला, आणि साहेबांनी तो दिलाही, कारण बाई त्यांच्या हातातून गेली बावीस वर्षं काही ना काही घेतच आल्या होत्या: छत्री, पुष्पचक्र, कोट.

“साहेब, तुम्हाला एक प्रश्न आहे,” बाई म्हणाल्या. “दोन मिनिटांचा.”

आणि त्यांनी तो विचारला. कागद लागला नाही. सहा वर्षं डॉक्टर नाही, जवळचा दवाखाना पंचावन्न किलोमीटर, बर्फात दोन तास. मागल्या हिवाळ्यात कोण कोण वाटेत गेलं त्यांची नावं घेतली, चारच होती, पण ती माणसं त्या सभागृहातल्या टेबलांवर पूर्वी जेवून गेलेली होती. “यासाठी तुम्ही बावीस वर्षांत काय केलंत, आणि काय करणार आहात?” एवढं म्हणून बाई थांबल्या. काटे-सुऱ्यांचा आवाज बंद झाला होता.

“सोलांजबाई, हा... हा फार गुंतागुंतीचा विषय आहे,” साहेब म्हणाले. “आपण समिती...”

“बरं. मग तुम्ही बसा. मी उभी राहते. तुमच्या बाजूला नाही साहेब, तुमच्याविरुद्ध.”

साहेब आधी हसले. मग त्यांना काहीतरी आठवलं. “अहो, कायद्यानं बदलीला मंत्र्याविरुद्ध...”

“तीस दिवस भरले असते तर!” मागच्या टेबलावरून फिर्मँ ओरडला. त्यानं तीन ग्लास रिकामे केले होते. “सत्तावीसच भरले, साहेब!”

सभागृहात हशा पिकला, तो थांबेना. साहेबांनी रुमाल काढला, परत ठेवला. हशा ओसरल्यावर लेओंतीनआजींचा बारीक आवाज आला. “सोलांज, पण तुझी बदली कोण?”

बाईंनी एवढी सगळी तयारी केली आणि हीच गोष्ट राहून गेली होती. बदलीशिवाय अर्ज घेत नाहीत. सगळ्या देशात हे विसरू नये असं एकच माणूस असेल तर त्या स्वतः, आणि त्याच विसरल्या. त्यांनी टेबलांवरून नजर फिरवली. चारशे माणसं आपापल्या ताटात बघायला लागली. टाळ्या वाजवणं वेगळं आणि साहेबांविरुद्ध नाव छापणं वेगळं.

“माझं लिहा,” शेजारून आवाज आला.

मादाम मोंतान्याक उभ्या राहिल्या होत्या.

“बेराँजेर, खाली बसा,” साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

“मला या कामाचा अनुभव आहे,” मादाम बाईंना म्हणाल्या, नवऱ्याकडे न बघता. “बत्तीस वर्षं वाट बघतेय.”

“मादाम,” बाई म्हणाल्या, “माझी तब्येत चांगली आहे. आणि मला मंत्री कोणी करणार नाही. तुम्हाला काही मिळायचं नाही यातून.”

“मग सवयीचंच आहे.”

“आपण घरी बोलू,” साहेब म्हणाले.

“घरी?” मादामनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्ही कधी असता घरी?”

फिर्मँ टेबलांमधून वाट काढत पुढे आला आणि त्यानं घडी उलगडून अर्ज मादामसमोर, रश्श्याच्या वाडग्याशेजारी ठेवला. सोलांजबाईंनी सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. मादामनी पेन घेतलं आणि लग्नाआधीचं आडनाव लिहायला सुरुवात केली. ते नीट कसं लिहायचं हे आठवायला त्यांना मध्ये एकदा थांबावं लागलं.